नाडी ४४ वर आणि मध्येच धडधड : पळणाऱ्या-चढणाऱ्या माणसाने नेमकं काय करावं

विम्याच्या मेडिकलसाठी एका लॅबमध्ये ईसीजी काढायला आडवा झालो होतो. पट्टी बाहेर आली. टेक्निशियन मुलीने ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचली. "काका, चक्कर वगैरे येते का हो?" नाही म्हटलं. "मग असेच पाच मिनिटं पडून राहा, सर येतील." पट्टीवर मशीननेच छापलं होतं : सायनस ब्रॅडिकार्डिया (म्हणजे मंद नाडी), ४४, आणि खाली ठळक अक्षरात 'अ‍ॅबनॉर्मल'. आदल्याच दिवशी सिंहगड चढून उतरलो होतो.

सर आले, पट्टी बघून एवढंच विचारलं, "पळता का?" बारा वर्षं, म्हटलं. हसले आणि सही केली. पण एक गोष्ट मी त्यांना सांगितलीच नाही. रात्री डाव्या कुशीवर वळलं की छातीत मासा उसळी मारावा तसं व्हायचं. ते एका डॉक्टरांच्या कानावर घालायला मला पुढे चार महिने लागले आणि ते चार महिने मी रात्री मोबाइलवर नको ते वाचण्यात घालवले. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडे जायच्या आधी, गेल्यावर आणि आल्यावर काय करायचं, एवढंच इथे आहे.

सगळ्यात आधी : हे होत असेल तर लेख बाजूला ठेवा

पळताना किंवा चढताना शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसावं लागलं, धडधडीसोबत छातीत दाटून आलं, जबड्यात किंवा हातात कळ गेली, बसल्या जागी धाप लागली, तर घड्याळ बघत बसू नका. १०८ ला फोन करा. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

भात खाऊन बसलेलं असताना धडधडणं आणि चढावर ऐन जोरात असताना धडधडून गरगरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी झाली असेल तर तपासणी होईपर्यंत व्यायाम बंद. घरात कुणी चाळिशी-पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल आणि तेव्हा "अ‍ॅटॅकच असेल" म्हणून विषय मिटवला गेला असेल, तर तेही डॉक्टरांना, त्यांनी विचारलं नाही तरी, सांगा. तो मावसभाऊ असो नाहीतर आत्या.

नाडी बोटांनी मोजायला शिका

सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पलंगावरच. तळहात वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला दुसऱ्या हाताची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका हलकेच टेकवा. अंगठा वापरायचा नाही, त्याची स्वतःची नाडी लागते आणि गोंधळ होतो. जोरात दाबलं की ठोका गायब होतो, बहुतेकांचं इथेच चुकतं. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय ठोके अनियमित असणाऱ्याला चालत नाही, कारण नेमका चुकणारा ठोका त्या पंधरा सेकंदांत येईलच असं नाही.

मोजताना आकड्याइतकंच लयीकडे लक्ष द्या. ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे सरळ आहेत? सरळ चालता चालता एखादा गळल्यासारखा वाटतो? की कशाचा कशाला मेळच नाही? हा तिसरा प्रकार मनात पक्का ठेवा, त्याच्याकडे शेवटी येतो. श्वास घेताना ठोके किंचित भरभर आणि सोडताना सावकाश होत असतील तर ते चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. त्याने घाबरलेले लोक मी पाहिलेत.

आता आकडा. साधारण माणसाची विश्रांतीतली नाडी ६० ते १०० धरतात. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत 'मंद' म्हणायला ५० च्या खालची रेघ धरली आहे. आणि खेळाडूंचा ईसीजी कसा वाचावा याचे जे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ मध्ये आले, त्यांत काही त्रास नसेल तर ३० पर्यंतची नाडी सरावाचा परिणाम म्हणून मान्य केली आहे. त्रास नसेल तर, हे महत्त्वाचं.

हिशेब साधा आहे. बैठं काम करणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त ढकलतं, ७० ठोक्यांत झालं जवळपास ५ लिटर. वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात १०० मिलिलिटर ढकलत असेल तर त्याला त्याच ५ लिटरसाठी ५० ठोके पुरतात. शिवाय सरावाने व्हेगस नावाच्या नसेचा लगाम घट्ट होतो आणि ठोके सुरू करणारी हृदयातली गाठही थोडी संथ होते. रात्री गाढ झोपेत हाच आकडा चाळिशीच्या खाली जातो. घड्याळाने पहाटे तीनला ३८ दाखवलं म्हणून बायकोला उठवू नका. मी उठवलं होतं.

घड्याळ कधीकधी निम्मंच मोजतं

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. मनगटावरचं घड्याळ आणि बोटाला लावायचा ऑक्सिमीटर हृदय मोजत नाहीत, हृदयाने पाठवलेली रक्ताची लाट मोजतात. वेळेआधी आलेल्या ठोक्यात हृदय पुरतं भरलेलं नसतं, त्यामुळे लाट इतकी क्षीण असते की मनगटापर्यंत ती पोचतच नाही. आता समजा काही वेळ एक ठोका नीट, एक वेळेआधीचा, पुन्हा एक नीट, असंच चाललं आहे. हृदय ७६ वेळा आकसतंय आणि घड्याळ सांगतंय ३८. म्हणजे जी 'मंद नाडी' म्हणून आपण धास्तावतो, ती मुळात मंद नाहीच, जास्तीच्या ठोक्यांनी झाकलेली आहे.

ओळखायचं कसं? आकडा अचानक बरोबर निम्मा झाला तर हाच संशय घ्यायचा. घरात कुणाला कान लावून छातीचे ठोके मोजायला सांगा आणि त्याच मिनिटात तुम्ही मनगट मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर ते लिहून डॉक्टरांना दाखवा. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर त्रास होत असतानाच ३० सेकंदांची पट्टी काढून ठेवा. ती एकाच बाजूने काढलेली असते, हार्ट अ‍ॅटॅक त्यात कळत नाही, पण लय कळते.

'ठोका चुकतो' म्हणजे काय

आपण म्हणतो, काळजाचा ठोका चुकला. खरं तर तो बहुतेक वेळा चुकत नाही, लवकर येतो. भजनात एखादा टाळकरी घाईत अर्धी मात्रा आधीच टाळ वाजवतो आणि मग ओशाळून पुढच्या मात्रेपर्यंत गप्प राहतो, तसं. त्या गप्प बसण्यात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका दणकून पडतो. आपल्याला जाणवते ती मधली पोकळी आणि नंतरचा दणका. डॉक्टर याला एक्टोपिक म्हणतात, आणि हृदय निरोगी असताना असे तुरळक ठोके बहुतेकांना दिवसभरात येऊन जातात, फक्त कळत नाहीत.

मंद नाडीवाल्याला ते जास्त कळतात. दोन ठोक्यांमधली जागाच मोठी, तिथे मध्ये शिरायला वाव जास्त, आणि नंतरचा दणकाही मोठा. डाव्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं म्हणून तिथे आणखी स्पष्ट. माझ्या माशाचं कोडं एवढंच होतं.

जिन्याची परीक्षा

मंद नाडी सरावाची आहे की हृदयाच्या वायरिंगमधल्या बिघाडाची, याचा घरच्या घरी लागणारा पहिला सुगावा जिन्यात सापडतो. वर दिलेली कुठलीच धोक्याची खूण नसेल तरच हे करा, आणि सोबत कुणी असू द्या. पाच मिनिटं शांत बसून नाडी मोजा. मग तीन मजले झपाझप चढा. वर पोचल्या पोचल्या उभ्यानेच १५ सेकंद मोजून चारने गुणा. (इथे चालतं, कारण थांबलात की नाडी भराभर उतरते.) सरावाचं हृदय खुशाल उसळी घेतं. माझी ४६ वरून ११२ ला गेली. आणि दोन-तीन मिनिटांत खाली येते.

पण चढल्यावरही नाडी ५५-६० च्या आसपासच घुटमळत असेल, पाय जड झाले, डोकं हलकं झालं, तर तिथे गोष्ट वेगळी आहे. मागणी वाढली तरी हृदय वेग वाढवू शकत नाही, आणि ही तक्रार घेऊन त्याच आठवड्यात कार्डिओलॉजिस्टकडे जायचं. पळणाऱ्यांत हे फार चोरपावलांनी येतं. "हल्ली वेग पडलाय, वय झालं" असं आपणच म्हणतो. सहा महिन्यांपूर्वी ज्या टेकडीवर नाडी १५० ला जायची, तिथे आता ११० च्या वर जात नाही आणि दम मात्र तेवढाच लागतो, हे घड्याळाच्या जुन्या नोंदींतून दिसतं. घड्याळाचा खरा उपयोग हा.

तसंच धडधडीचं. बसल्यावर येणारे जास्तीचे ठोके पळायला लागलं की विरून जात असतील तर ते बहुधा निरुपद्रवी असतात. पळताना वाढत असतील तर तसं समजायचं नाही, तपासून घ्यायचं.

गोळ्यांचा डबा उघडा

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री घरातली तुमची सगळी औषधं टेबलावर मांडा आणि फोटो काढा. नाडी उतरवणारी : मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, क्लोनिडिन, डिगॉक्सिन, इव्हाब्राडिन. प्रोप्रॅनोलॉल तर अर्धशिशीला किंवा हात थरथरतात म्हणून दिलेली असते आणि माणसाला वाटतं, मला कुठे हृदयाची गोळी चालू आहे! काचबिंदूसाठी टाकायचे टिमोलॉलचे थेंबही रक्तात उतरून नाडी मंद करू शकतात. डोळ्यांच्या थेंबांबद्दल सांगायचं कुणाच्याच लक्षात राहत नाही.

धडधड वाढवणारी दुसरी रांग : सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन किंवा फिनाइलेफ्रिन, दम्याचा सॅल्ब्युटॅमॉल पंप, थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त होणं, आणि जिममध्ये कुणीतरी डबा पुढे करतं ती 'प्री-वर्कआउट' पावडर. त्या पावडरच्या एका चमच्यात दोन-तीन कप कॉफीएवढं कॅफिन असू शकतं.

यातली डॉक्टरांनी लिहून दिलेली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बीटा ब्लॉकर तर एकदम थांबवली की नाडी आणि बीपी उलटून वर जातात. नुसती यादी न्या.

वहीत काय लिहायचं

दोन आठवडे पुरे. तारीख, वेळ, काय करत होतो, किती सेकंद किंवा मिनिटं चाललं, कसं सुरू झालं (दिव्याचं बटण दाबल्यासारखं झटक्यात, की हळूहळू), कसं थांबलं, नाडी किती, सरळ की वेडीवाकडी. शेजारी झोप, चहा-कॉफी, दारू, उपास, आजारपण. 'झटक्यात सुरू, झटक्यात बंद, मध्ये १६०-१८०' अशी नोंद डॉक्टरांना खूप काही सांगते. 'अधूनमधून कसंतरी होतं' याने त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

माझ्या वहीत दहाव्या दिवशी चित्र दिसायला लागलं. रविवारच्या मोठ्या रनच्या रात्री, पाणी कमी पडलेलं, आणि संध्याकाळी सहानंतर दोन चहा. एकादशीला तर हमखास. उपासाला सकाळी पळायचं, दिवसभर साबुदाणा आणि चहा, पाणी नावाला. रात्री मासा हजर.

डॉक्टरांकडे

तुमच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करा, मात्र बारा लीडचा ईसीजी हवाच. रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), पोटॅशियम, मॅग्नेशियम बघून घेतात. थायरॉइड कमी पडला तर नाडी मंदावते, जास्त झाला तर धडधड, आणि रक्त कमी असलं तरी धडधडच. पाळीत रक्तस्राव जास्त असलेल्या पळणाऱ्या बायकांमध्ये हे कारण नेहमी सापडतं आणि नेहमी 'टेन्शन' म्हणून उडवलं जातं. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं जोडीदार सांगत असेल तर तेही बोला. रात्रीची अतिमंद नाडी तिथूनही येते.

नुकताच डेंग्यू झाला असेल तर आवर्जून सांगा. पावसाळ्यानंतर दरवर्षी हे बघायला मिळतं : ताप उतरतो, माणूस बरा वाटतो आणि नाडी ५० च्या खाली. डेंग्यूतून उठताना काही दिवस नाडी मंद राहू शकते आणि बहुतेकांची आपोआप पूर्वपदावर येते. पण तेवढे दिवस पळायचं नाही. कुठल्याही तापात पळायचं नाहीच. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर तिथे शिस्तीचं कौतुक कामाला येत नाही.

पुढच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील. टू-डी इको हृदयाची रचना दाखवतो. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट म्हणजे जिन्याच्या परीक्षेचं खरं रूप, दर तीन मिनिटांनी पट्टा वेगवान आणि चढा होत जातो. आपण पळणारे, पहिल्या दोन टप्प्यांत काहीच होत नाही. दमेपर्यंत पळू द्या असं सांगा, 'टार्गेट (वयावरून ठरवलेली नाडी) गाठलं, उतरा' यावर नाडीचा सगळा चढ दिसत नाही.

आणि होल्टर. छातीला चिकटवलेल्या तारा आणि कमरेला डबी, २४ किंवा ४८ तास. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाचं पहिलं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं, पाठीवर घेऊन फिरायचं! आता ते मोबाइलपेक्षा हलकं आहे, तरी लोक ते लावून दिवसभर सोफ्यावर बसतात आणि मग काहीच सापडत नाही. रोजचं सगळं करा. जिना चढा, चहा प्या, डॉक्टरांची हरकत नसेल तर पळा. अंघोळीचं तेवढं विचारून घ्या. त्रास महिन्यातून एकदाच होत असेल तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये तो सापडणं नशिबाचं काम. तेव्हा जास्त दिवस चिकटून राहणारा पॅच मिळतो का, ते विचारा.

रिपोर्ट हातात आला की दोन आकडे बघा. सर्वांत लांब थांबा किती सेकंदांचा आणि तो जागेपणी की झोपेत. तीन सेकंदांचा किंवा त्याहून मोठा थांबा असेल तर डॉक्टरांशी बोलणं लांबवू नका. दुसरा, जास्तीचे ठोके एकूण ठोक्यांच्या किती टक्के. दिवसाला आपले जवळपास एक लाख ठोके पडतात. त्यात दोन-तीनशे जास्तीचे म्हणजे किरकोळ, पण १० टक्क्यांच्या पुढे गेले तर ते दीर्घकाळात हृदयाला थकवू शकतात, म्हणून इको पुन्हापुन्हा करावा लागतो. माझे होते ३१२. चार महिने!

धडधड सुरू झाली त्या क्षणी

एकटदुकट ठोके असतील तर कूस बदला, उठून बसा, खोलीत चार फेऱ्या मारा. नाडी थोडी वर गेली की जास्तीच्या ठोक्यांना शिरायला जागा उरत नाही. मोठा श्वास धरून ठेवू नका, सोडणं लांबवा. पाणी प्या. आणि नाडीवर बोट ठेवून तासभर बसू नका. लक्ष जितकं जास्त तितकं अ‍ॅड्रेनॅलिन जास्त, आणि अ‍ॅड्रेनॅलिनने ठोके आणखी उडतात.

गरगरलं तर लगेच आडवे व्हा, पाय उशीवर. आडवं व्हायला जागा नसेल तर पायाची कात्री करून मांड्या-पोटऱ्या आवळा. गळ्याची शीर दाबणं, तोंडावर बर्फ मारणं, श्वास कोंडून कुंथणं असले नुस्खे मंद नाडीवाल्याने स्वतःवर करू नयेत. ते नाडी उतरवायचे उपाय आहेत, तुमची आधीच उतरलेली आहे.

पळणं-चढणं कसं बदलायचं

तपासणी स्वच्छ आली तर बंद काहीच करायचं नाही. मी बदललं ते एवढं : सुरुवातीची दहा मिनिटं चालणं, आणि संपल्यावर पुन्हा दहा मिनिटं चालणं. पूर्वी रन संपली की कट्ट्यावर टेकायचो. एकदम थांबलं की पायातलं रक्त वर यायला वेळ लागतो, बीपी पडतं आणि तिथेच धडधड सुरू होते. तासाच्या वरच्या रनला साधं पाणी पुरत नाही, लिंबू-मीठ-साखर घातलेलं सरबत किंवा ओआरएस बरोबर घेतो. परत आल्यावर शहाळं किंवा केळं. (किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर पोटॅशियमचं आधी विचारा.) उपासाच्या दिवशी नुसतं चालणं. शेवटचा चहा दुपारी चारला. दोन महिन्यांत मासा आठवड्यातून एकदा डोकावण्यावर आला.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि विशेषतः वर्षाला पाच-सहा मॅरेथॉन करणाऱ्यांनी, तो तिसरा प्रकार विसरू नये : कशाचा कशाला मेळ नसलेली नाडी. एट्रियल फिब्रिलेशन. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत होते. तिच्या ५२ हजारांहून अधिक स्पर्धकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ज्यांनी ती जास्त वेळा पूर्ण केली त्यांच्यात हा दोष जास्त आढळला. यात हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाण्याचा धोका असतो, म्हणून अशी नाडी काही मिनिटांत सरळ झाली नाही तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा. दुसऱ्या दिवशी लय सुधारली की पुरावा गेला. आदल्या रात्रीच्या पार्टीनंतर हे जास्त होतं, दारू याला चांगलं खतपाणी घालते.

पेसमेकर लागेल का, हा प्रश्न मनात असतोच. नुसत्या कमी आकड्यावर तो बसवत नाहीत. मंद नाडीमुळेच चक्कर, बेशुद्धी किंवा थकवा येतोय हे जुळावं लागतं, किंवा ईसीजीत वायरिंगचा ठरावीक गंभीर अडथळा दिसावा लागतो. आणि बसवला तरी ते शेवटचं पान नव्हे. १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर लावला, तो काही तासांतच बंद पडला. त्यानंतर वीसपेक्षा जास्त यंत्रं बदलून ते २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन. आता बसवल्यावर काही आठवडे तो हात खांद्याच्या वर न्यायचा नाही एवढं पथ्य, मग हळूहळू पळता येतं.

आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये आता प्रत्येकाच्या मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर नाव, रक्तगट, चालू औषधं आणि घरचा नंबर आहे. माझ्याखाली एक ओळ जास्त : विश्रांतीतली नाडी ४४, नेहमीचीच. घाटात पडलो आणि कुणी अनोळखी डॉक्टरने बोट ठेवलं तर त्याला कळावं. सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) ग्रुपमधल्या नऊ जणांनी शिकून घेतला. दहावा अजून म्हणतो, पुढच्या रविवारी.